देवळाची किल्ली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दरवर्षी शेजारच्या घरी जातो. बोलावणे आले नाही तरी जातो. कारण न गेलो तर फराळाचे ताट आमच्या घरी चालत येते आणि ताटामागोमाग शेजारच्या वहिनींचा राग येतो. आम्ही ख्रिस्ती. आमच्या करंज्या होतात त्या नाताळात. तेव्हा दिवाळीत त्यांच्या करंज्या आम्ही खायच्या आणि नाताळात आमच्या त्यांनी, असा हा कित्येक वर्षांचा बिनव्याजी व्यवहार आहे.

गेल्या दिवाळीत पाटावर मांडलेली पूजा मी जरा निरखून पाहिली. चांदीचा रुपया, हिशेबाची वही, बत्तासे, साळीच्या लाह्या आणि कडेला एक नवी कोरी केरसुणी. तिच्यावर हळदकुंकवाची बोटे ओढलेली. वहिनींचा धाकटा मुलगा विचारीत होता, "आई, झाडूला कशाला गं नमस्कार करायचा?"

"अरे, ती लक्ष्मी आहे. तिला पाय लावायचा नसतो."

"मग ती रोज दाराच्या मागं का असते?"

वहिनींनी त्याच्या हातात चकली दिली. आईजवळ उत्तर नसले की चकली असते. मी हसलो खरा, पण घरी परत येईपर्यंत तो प्रश्न माझ्याबरोबर चालत आला. वर्षातून एक दिवस पाटावर आणि तीनशे चौसष्ट दिवस दाराआड! आणि ज्या हातांनी ती शिंदीच्या पानांची केरसुणी बांधली, त्या हातांना तर पिढ्यान् पिढ्या दाराआडसुद्धा जागा नव्हती. त्यांची जागा वेशीबाहेर. केरसुणी तेवढी आत यायची.

माझी आणि केरसुणीची ओळख फार जुनी आहे. ती कशी झाली आणि कशी तुटली, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. कादंबऱ्यांतून मी पुष्कळांची गुपिते फोडली. हे माझे स्वतःचे असल्यामुळे राहून गेले.

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. नगर जिल्ह्यातले आमचे तालुक्याचे गाव. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या तोंडात अजून नगरच येते.) गावात मिशनच्या काळातले एक दगडी देऊळ आहे. होय, आम्ही त्याला देऊळच म्हणतो. चर्च हा शब्द पाहुण्यांसाठी. रविवारच्या शाळेत माझ्याइतकी वचने कुणाला पाठ नव्हती. नाताळच्या नाटकात हेरोद राजाचे काम चार वर्षे सतत माझ्याकडे होते, कारण माझा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचे. मी पाळक होणार हे मंडळीत सगळ्यांनीच ठरवून टाकले होते. म्हाताऱ्या बायका मला आतापासूनच "सलाम, पाळकसाहेब" म्हणून चेष्टा करीत, आणि मला ती चेष्टा वाटत नसे.

पुण्याच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात जायचे तर आपल्या पाळकांचे शिफारसपत्र लागते. मी ते मागायला गेलो. आमचे पाळकसाहेब उंच, वाळलेले, सायकलवर बसले म्हणजे सायकलचाच एक भाग वाटणारे गृहस्थ होते. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पत्र देईन. त्याआधी वर्षभर देवळाची किल्ली सांभाळ."

किल्ली म्हटल्याबरोबर मला पेत्राची आठवण झाली. त्याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मिळाल्या; मला निदान तालुक्याच्या देवळाची मिळत होती. दुसऱ्या दिवशी कळले, की या किल्लीबरोबर एक केरसुणी, दोन घागरी आणि घंटेची दोरी येते.

दगडी देवळे दिसायला फार सुंदर असतात. ज्यांना ती झाडावी लागतात त्यांना विचारा. आमच्या देवळाच्या उंच छपरात पारव्यांची वसाहत होती आणि मंडळीपेक्षा तिची वाढ झपाट्याने होत होती. शनिवारी सतरंज्या बाहेर काढून झटकायच्या, पारव्यांची घाण खरवडायची, फरशी झाडून पुसायची, माठ भरायचे. रविवारी पहाटे दार उघडायचे, पहिली घंटा, मग दुसरी, मग तिसरी. शिवाय पाळकसाहेब आजाऱ्यांकडे निघाले की त्यांच्या सायकलमागे आपली सायकल. कुणाचे पत्र लिहून द्यायचे, कुणाचे औषध आणायचे, कुणा म्हातारीचे रॉकेल.

सुरुवातीला मला हे आवडलेसुद्धा. कारण शनिवार हा आमच्या गावचा बाजाराचा वार. मी बरोबर नऊच्या सुमाराला, बाजाराला जाणाऱ्यांची वर्दळ असे तेव्हा, देवळाचे अंगण झाडायला घेई. बायका थांबून म्हणत, "किती गुणाचं पोरगं!" तीन आठवडे हे चालले. चौथ्या शनिवारी पाळकसाहेब म्हणाले, "नऊला झाडू नकोस रे. बाजारच्या लोकांच्या नाकातोंडात धूळ जाते. पाच वाजता झाड." बस्, एवढेच. पहाटे पाचला माझे झाडणे पाहायला पारवेसुद्धा जागे नसत. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की अंगण बरेच मोठे आहे.

पण खरी अडचण पुढे आली आणि ती वडिलांकडून आली. वडील जिल्हा परिषदेच्या कचेरीत शिपाई होते. मुलगा पाळक होणार म्हणून त्यांनी माझ्यासाठी पांढऱ्या कापडाचे दोन सदरे शिवून ठेवले होते. मी देऊळ झाडतो हे त्यांना महिनाभराने कळले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

"माझ्या बानं चावडी झाडली," ते म्हणाले. "मी बघितलंय. आठ वर्षांचा होतो. पाटील खाटेवर बसलेला आणि बा त्याच्या खाटेखालून केरसुणी फिरवतोय. तुला शिकवला तो झाडायला?"

हे समजून घ्यायचे तर थोडा इतिहास सांगायला हवा. आमचे घराणे मूळचे महार. आजोबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी नगर जिल्ह्यात अशी शेकडो घरे ख्रिस्ती झाली. अमेरिकन मिशन नगरला आले ते १८३१ साली, आणि त्याच्या शाळा पुढे खेडोपाडी महारवाड्यांपर्यंत पोचल्या. पण आमच्या घरी धर्म बदलला म्हणून गावाने काम बदलले नाही. येसकरकीची पाळी आली की आजोबा बायबल ठेवून काठी घेत. चावडी झाडायची, सरकारी कागद तालुक्याला पोचवायचा, साहेबाचे सामान वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे. मोबदला म्हणजे दारोदारची भाकरी आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. या वतनानेच माणूस बांधला गेला आहे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनकायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले होते. ते त्या वेळी पार पडले नाही. ही वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली. आमच्या आजोबांनी त्यानंतर आपली येसकराची काठी चुलीत घातली. चहा झाला त्या काठीवर, असे वडील सांगत. ते सांगताना त्यांचा आवाज भरून येई.

आता सांगा, अशा माणसाला 'नम्र सेवा' या शब्दाचे काय वाटत असेल? नम्रता ही उंचावरून उतरणाऱ्याला शोभते. ज्याला जन्मतःच खाली बसवले आहे, त्याने आणखी कुठे उतरायचे?

वडिलांनी हे सारे पाळकसाहेबांना त्यांच्या घरी जाऊन ऐकवले. मी बाहेर ओट्यावर उभा होतो. पाळकसाहेबांनी मधे एकदाही तोंड उघडले नाही. वडील थांबल्यावर ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. मी आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं." आणि पुढच्या शनिवारी पहाटे पाच वाजता मी सवयीने देवळाकडे गेलो, तर अंगणात कंदील ठेवलेला आणि पाळकसाहेब धोतराचा काचा मारून झाडत होते. वय वर्षे साठ. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू घंटा बघ. झाडायचं मी बघतो."

दोन शनिवार मी घंटा पाहिली. तिसऱ्या शनिवारी साडेचारलाच जाऊन केरसुणी ताब्यात घेतली. वडिलांना हे कळले असावे. ते काही बोलले नाहीत, मात्र तेव्हापासून त्यांनी मला झाडण्याबद्दल विचारले नाही आणि पांढऱ्या सदऱ्यांबद्दलही नाही.

झाडून झाल्यावर आम्ही पायरीवर बसत असू आणि पाळकसाहेब त्यांच्या किटलीतला चहा मला देत. तिथेच त्यांनी मला शमुवेलाची गोष्ट नव्याने सांगितली. ती गोष्ट मला तोंडपाठ होती, पण पाठ असलेली गोष्ट माणूस ऐकत नाही. शमुवेल हा मंदिरात वाढलेला पोरगा, म्हाताऱ्या एली याजकाच्या हाताखालचा. रात्री त्याला हाक ऐकू येते. एलीने बोलावले असे समजून तो उठून पळत जातो. असे तीनदा होते. मग एलीला उमगते की ही हाक देवाची आहे. चौथ्या वेळी शमुवेल ऐकतो. आणि जे ऐकतो ते भयंकर असते, खुद्द एलीच्याच घराण्याचा नाश.

"पुढं काय झालं?" पाळकसाहेबांनी विचारले.

"शमुवेल मोठा संदेष्टा झाला. त्यानं राजांना अभिषेक केला."

"ते नंतर. त्या सकाळी काय झालं?"

मला सांगता येईना. ते म्हणाले, "सकाळपर्यंत पडून राहिला आणि उठून त्यानं मंदिराची दारं उघडली. तेवढंच लिहिलंय. रात्री साक्षात देव बोललेला, पोराच्या छातीवर केवढा धोंडा. पण दारं उघडायची वेळ झाली तेव्हा ती उघडली. रोज उघडत होता ना, म्हणून त्या दिवशी उघडता आली."

मग ते अलीशाकडे वळले. राजे देवाचा संदेष्टा शोधीत होते तेव्हा अलीशाची ओळख कशी करून दिली गेली? मोठा विद्वान म्हणून नव्हे; एलीयाच्या हातावर पाणी घालणारा तो हाच, अशी. मी जरा चलाखी केली. विचारले, "किती वर्षं घातलं पाणी?" मनातून मला माझे वर्ष मोजायचे होते. पाळकसाहेब हसले. "लिहिलेलं नाही," म्हणाले. "मोजलं असतं तर लिहिलं असतं."

त्यांच्या कपाटातून मी त्या पावसाळ्यात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली. आमच्या जिल्ह्यात हे पुस्तक घरचेच वाटते, कारण त्यातले निम्मे रस्ते आमचे आहेत. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या घरी सोवळ्याची दहशत अशी, की बाजारातून आलेले जिन्नससुद्धा धुऊन घरात घ्यायचे. अशा घरातली ही मुलगी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्या डोक्यावर आभाळ कोसळले. पुढे पाच वर्षांनी तिने स्वतः घेतला, पण त्याआधी कुणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निर्णय ती एकटीच आपल्या मनाशी करून मोकळी झाली होती. नगरला प्लेगाच्या दिवसांत तिने आजारी मुलींची शुश्रूषा केली. शाळेत न गेलेल्या या बाईने टिळकांच्या मागे त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुरे करायला घेतले. मंडळी तिचे ऐकत ती टिळकांची बायको म्हणून नव्हे. तिच्या हातांना काय काय लागले होते ते लोकांनी पाहिले होते.

पंडिता रमाबाईंचेही तेच. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, ती बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करून आणते, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहते. बायबलचे भाषांतर तिने तिथेच केले, आणि ते छापण्याचे काम तिथल्याच मुलींच्या हातांनी झाले.

हे सारे वाचून मी भारावलो होतो. पण एक खडा दाताखाली येत होता. लक्ष्मीबाई आणि रमाबाई या वरून खाली उतरल्या. त्यांच्या हाती केरसुणी आली तेव्हा ती त्यांची साखळी तोडीत होती. माझ्या आजोबांच्या हातात तीच केरसुणी साखळी होऊन होती. एकच वस्तू, आणि दोघांच्या हातांत दोन. मी हे पाळकसाहेबांना बोलून दाखवले. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि विल्यम कॅरीची गोष्ट सांगितली. हा इंग्रज १७९३ साली हिंदुस्थानात आला. बंगालमधल्या श्रीरामपूरला (आमच्या जिल्ह्यातले उसाचे श्रीरामपूर वेगळे) त्याने पंडित वैजनाथांच्या मदतीने मराठीचे काम केले. १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८११ साली मराठी नवा करार. एका मोठ्या मेजवानीत कुणा साहेबाने खोचकपणे विचारले, "हा कॅरी पूर्वी जोडे तयार करीत असे ना?" कॅरीने ते ऐकले आणि म्हणाला, "जोडे तयार करण्याइतकी कला कुठली! मी फक्त फाटलेले शिवीत असे."

"त्याला लाज नव्हती," पाळकसाहेब म्हणाले. "आपल्याला लाज दिली गेली आहे. ती आपली नव्हे, पण अंगाला चिकटली आहे. ती कशी निघेल मला ठाऊक नाही. मी झाडतो तेव्हा मलाही माझा बाप दिसतो."

पाळकसाहेबही आमच्याच वाड्यातले होते, हे मी विसरूनच गेलो होतो.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायची म्हणून एवढा वेळ इकडचे तिकडचे सांगत बसलो.

श्रावणातला पाऊस होता. बाजाराच्या मागे एका खोलीत मंडळीतला एक म्हातारा राहत असे. पूर्वी जिनिंग फॅक्टरीत पहारेकरी होता. बायको वारलेली, मुलगा सुरतेकडे गेला तो गेलाच. त्याला अर्धांगाचा झटका आला होता. पाळकसाहेब रोज सकाळी त्याच्याकडे जात. एके दिवशी मला म्हणाले, "हॉटेलातून गरम पाण्याची बादली घेऊन ये."

मी बादली घेऊन दारापाशी पोचलो. आत पाळकसाहेबांनी बाह्या वर सारल्या होत्या. म्हाताऱ्याला त्यांनी कुशीवर वळवले होते. पाठीला जखमा झाल्या होत्या, अंथरूण घाण झाले होते. त्या वासाने माझ्या पोटात ढवळून आले. म्हातारा माझ्याकडे पाहत होता. त्याला बोलता येत नव्हते, पण त्याच्या डोळ्यांत जी शरम होती तिला शब्दांची गरज नव्हती. पाळकसाहेब मागे न बघता म्हणाले, "आण इकडं पाणी. आणि त्याची मान धर."

मी बादली उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली परत द्यायला गेलो. रात्रभर जागून मी भाषण तयार केले होते. चावडी, पाटलाची खाट, मेलेली ढोरे, १९५८ चा कायदा, सगळे त्यात होते. ज्यांनी हजारो वर्षे दुसऱ्यांची घाण काढली त्यांच्या नातवाला सेवेच्या नावाने पुन्हा तेच करायला लावणे हा अन्याय आहे, असे मी म्हणालो. आवाज चांगला लागला होता. हेरोद राजानंतर इतका चांगला लागला नव्हता.

पाळकसाहेबांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "हे तुझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं. त्यांचं ते खरं होतं. तुझं काय आहे?"

मी गप्प राहिलो.

"किल्ली खिळ्याला लाव," ते म्हणाले.

वडिलांचे दुःख खरे होते. आजोबांचे तर त्याहून खरे. पण त्या सकाळी उंबऱ्यावरून मला परत फिरवले ते त्या दुःखाने नव्हे, वासाने फिरवले. मला किळस आली होती आणि त्या किळसेवर मी आजोबांची काठी पांघरूण म्हणून घातली. जी काठी त्यांनी जाळून चहा केला, ती मी माझ्या सोयीसाठी पुन्हा उभी केली. हे मला कळायला पुढे बरीच वर्षे गेली. म्हातारा त्या महिन्यातच वारला.

मी पाळक झालो नाही. शिक्षक झालो, लिहू लागलो. वडिलांना त्यात आनंदच वाटला.

खिळ्यावरची किल्ली मात्र फार दिवस लटकत राहिली नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, बोलताना अडखळणारा. 'प्रभू' म्हणायचे तर त्याचा प अर्धा मिनिट अडे. नाताळच्या नाटकात त्याला नेहमी मेंढराचे काम मिळे, कारण मेंढराला संवाद नसतो. त्याने ती किल्ली घेतली. कुणी सांगितले म्हणून नव्हे, त्याला सकाळी लवकर जाग येई म्हणून, असे तो सांगतो. एक वर्ष नाही, चार वर्षे त्याने देऊळ उघडले आणि बंद केले. शिफारसपत्र त्याने मागितले नव्हते. पाळकसाहेबांनीच लिहून त्याच्या हातात दिले. आज तो मराठवाड्यात पाळक आहे, वीसएक खेड्यांतल्या मंडळ्या त्याच्याकडे आहेत. भाषण त्याला अजूनही येत नाही. त्याच्या उपदेशाच्या वेळी, तो अडखळला की पुढचा शब्द मंडळीच सांगते. पण दोन भावांचा बांधाचा तंटा असो की मंडळीतली फूट असो, तो येऊन बसल्याशिवाय पंच निकाल देत नाहीत.

यावरून कुणी असे समजू नये की झाडलोट केली की माणूस पुढारी होतोच. मी अशीही माणसे पाहिली आहेत, की ज्यांनी उमेदवारीत तीन वर्षे झाडले आणि त्याची वसुली पुढे तीस वर्षे केली. खुर्ची मिळाल्यावर ते केरसुणीची आठवण दर सभेत सांगतात आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती लागू देत नाहीत. त्यांच्या लेखी झाडणे हा प्रवेशफीचा प्रकार होता. पवित्र गुरुवारी शिष्यांचे पाय धुण्याची आठवण करतात, तेव्हाही हल्ली कुठे कुठे पाहतो: बारा जणांचे आधीच स्वच्छ धुतलेले पाय, नवा टॉवेल आणि समोर मोबाईल धरून उभी चार पोरे. मूळच्या त्या रात्री खोलीत पाणी होते, परात होती, टॉवेल होता; नव्हता तो फक्त उठणारा माणूस. पाय धुणे हे घरातल्या हलक्या गुलामाचे काम, म्हणून शिष्यांपैकी कुणी हलले नाही. गुरू उठला तेव्हा पेत्राला ते सहन झाले नाही. मला पेत्र या ठिकाणी फार जवळचा वाटतो. आपले पाय कुणी धुवावेत हे त्याला अवघड गेले. त्यालाही लाज होती.

२०१७ च्या पावसाळ्यात वडील अंथरुणाला खिळले. खुबा मोडला होता, त्यात मधुमेह. दिवसा माझी पत्नी पाहत असे, रात्री मी. मी सगळे करीत होतो, पण तोंड फिरवून करीत होतो. आणि वडिलांना ते दिसत होते. त्यांच्या डोळ्यांत मला तो जिनिंगचा पहारेकरी दिसे. बापलेकांत बोलणे फारसे उरले नव्हते.

ऑगस्टात एका दुपारी तो मित्र अचानक आला. एसटीने आला होता, पायांना चिखल. वडिलांनी त्याला ओळखले.

"तू तो... किल्लीवाला," वडील म्हणाले.

"हो, म-मामा."

"साहेब झालास म्हणं. अजून झाडतोस काय देऊळ?"

"पोरं झाडू देत नाहीत आता. शनिवारी गुपचूप झ-झाडतो."

वडील हसले. कित्येक आठवड्यांत त्यांना हसताना मी पाहिले नव्हते. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला आणि ते भिंतीकडे वळले. अंथरूण खराब झाले होते. पाहुण्यासमोर. मी घाईघाईने म्हणालो, "चल, आपण बाहेर बसू, चहा घेऊ." तो उठला, पण बाहेर आला नाही. त्याने सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, वडिलांच्या खांद्याखाली हात घातला आणि त्यांना कुशीवर घेतले. "मामा, माझ्या अंगावर भ-भार टाका," म्हणाला. आणि ज्या माणसाने आयुष्यभर कुणासमोर मान वाकवली नाही, त्या माणसाने आपले डोके त्याच्या छातीवर टेकले.

"गरम पाणी असेल का?" मित्राने विचारले. माझ्याकडे न बघता.

मी चुलीपाशी गेलो. बादली भरली. बादली जड होती, आणि आमच्या त्या घराचा उंबराही उंच आहे. मी तो ओलांडून आत गेलो, बादली खाटेपाशी ठेवली आणि वडिलांची मान धरली.